वटवाघळाच्या पंखापायी एक डुक्कर

*इशारा. पोर्ट व्हिला शहर आणि परिसर. आकाश निरभ्र, समुद्र शांत. पॅटिसन बुले यांच्या घरावर वादळाची शक्यता.*

असा इशारा कुणी दिला नव्हता, हेच तर दुःख होतं. देणार कोण? इशारे द्यायचं काम खुद्द पॅटिसनचं. तो हवामान कचेरीत मोठा अधिकारी होता. चक्रीवादळ कुठे वळणार, बोटी कधी बंदरात थांबवायच्या, शाळांना कधी सुट्टी द्यायची, हे त्याच्या सहीनं ठरायचं. रेडिओवर त्याचा आवाज आला की फ्रेशवोटा वस्तीतल्या बायका उठून दोरीवरचे कपडे काढायच्या. माणसाला आयुष्यात आणखी मान तो काय मिळायचा?

आणि अशा माणसाला एका सोमवारी सकाळी फोनवर निरोप आला की तो चोर आहे.

चोर हा शब्द त्यात नव्हता. निरोप फार सभ्य होता. 'आपल्या व्हिडिओतलं पात्र दुसऱ्याच्या हक्काचा भंग करतं अशी तक्रार आली आहे. व्हिडिओ काढून टाकला आहे. तीन तक्रारी झाल्यास आपली वाहिनी कायमची बंद होईल. आपला दिवस आनंदात जावो.'

"आनंदात जावो म्हणे," पॅटिसन म्हणाला.

"मग जाऊ दे की," हिल्डा म्हणाली. ती त्याची बायको. शाळेत मुख्याध्यापिका होती, त्यामुळे आधी सूचना द्यायची आणि मग काय झालं ते विचारायची. "काय झालं?"

"माकू चोरीचा आहे म्हणतायत."

हिल्डानं हातातला चहा खाली ठेवला. माकूचा आवाज ती काढत असे.

माकू म्हणजे वटवाघूळ. पॅटिसननं कचेरीत, वादळं नसलेल्या महिन्यांत, हवामानाचे नकाशे काढायच्या संगणकावर त्याला जन्म दिला होता आणि त्याचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकले होते. (सरकारी संगणकाचा असा वापर करावा की नाही, हा प्रश्न इथे कुणी काढू नये. वादळं तरी वेळेवर कुठे येतात?) माकू उलटा टांगलेला असतो आणि त्याला सगळं जग उलटं दिसतं. कुणीही भेटलं की तो विचारतो, "उलटा कोण? मी की तू?" आणि हे तो पेंटेकोस्ट बेटावरच्या पॅटिसनच्या गावच्या भाषेत विचारतो. ती भाषा बोलणारी माणसं इतकी कमी की सगळ्यांना एकाच लग्नाला बोलावता येईल, आणि बोलावलंच नाही तर सगळी एकदम रुसतील.

हा सगळा खटाटोप एल्सीसाठी होता. एल्सी ही त्यांची नात. पॅटिसनची मुलगी जॉयस ब्रिस्बेनला म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायच्या कामाला गेली, तिथंच लग्न केलं, आणि एल्सी इंग्रजी बोलत मोठी झाली. फोनवर आजोबांशी बोलताना ती पूर्वी गप्प बसायची. पण माकू आल्यापासून ती दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावरून डोकं खाली सोडून लटकायची, फोन उलटा धरायची आणि गावच्या भाषेत ओरडायची, "बुबू, उलटा कोण? मी की तू?" आणि बुबू म्हणजे आजोबा, वरिष्ठ हवामान अधिकारी, खुर्चीवर पाय वर करून डोकं खाली घालायचे. रक्तदाबाच्या डॉक्टरांना हे कळवलेलं नव्हतं.

तिच्याजवळ असलेले गावचे सगळे शब्द माकूचे होते. माकू गेला की शब्द गेले, आणि शब्द गेले की फोनवर पुन्हा ती शांतता.

गुरुवारी दुसरी तक्रार आली.

*वाऱ्याची दिशा: सगळीकडून. सल्ल्यांचा जोर वाढेल.*

संध्याकाळी वस्तीतल्या कावा, म्हणजे मुळांचं गुंगी आणणारं पेय, प्यायच्या ठिकाणी पॅटिसननं करवंटी तोंडाला लावली, एका दमात संपवली, थुंकला, आणि घडलेली गोष्ट शेजारच्या कालसोंगला अगदी हळू आवाजात सांगितली. कावा पिताना सगळेच हळू बोलतात, म्हणून सगळ्यांनाच सगळं ऐकू येतं.

कालसोंग निवृत्त सीमाशुल्क अधिकारी. आयुष्यभर लोकांच्या पेट्या उघडल्यामुळे त्याला दुसऱ्याच्या भानगडीत हात घालायची सवय जडली होती.

"तक्रार करणाऱ्या कार्टून कंपनीचं वटवाघूळ बघितलंस का?"

"बघितलं. रेनकोट घातलाय. बूट आहेत. गातं."

"मग आपल्यासारखं कुठे आहे?"

"पंख! पंखावरची नक्षी जशीच्या तशी. आणि तक्रार माझ्यावर! माझा माकू तीन वर्षांचा, त्यांचं ते गेल्या नाताळचं!"

"मग तुझ्या माकूलाही रेनकोट घाल," अंधारातून कुणीतरी म्हणालं. "पंख झाकले की प्रश्न मिटला."

"वटवाघळाला रेनकोट?"

"हवामान खात्याचं आहे ना?"

हसू फुटलं. पॅटिसन हसला नाही. दुसऱ्या कुणी सुचवलं की वटवाघूळ काढून टाकून खेकडा काढ, खेकड्याला पंखच नसतात. तिसरा म्हणाला, वटवाघूळ खायलाच बरं, नारळाच्या दुधात. चौथ्यानं विचारलं की कंपनी बुडाली तर तिचे बूट कुणाला मिळतील. कालसोंगनं सगळ्यांना गप्प केलं. "पुरावा दे त्यांना. ही नक्षी कुठून घेतलीस?"

"आईच्या चटईवरून."

"संपलं तर मग. चटईचा फोटो काढ आणि पाठव."

इथपर्यंत सल्ला शहाणपणाचा होता. पण सल्ला घेणाऱ्यानं त्यात आपलं थोडं शहाणपण घालायचं असतं, तसं पॅटिसननं घातलं.

आईची लाल चटई घरात होती. तो तिच्यावरच रांगला होता, तिच्यावरच झोपला होता, आणि आई गेल्यावर त्यानं ती नीट गुंडाळून कपाटावर ठेवली होती. फोटो काढला. पण त्याला वाटलं, चटई जुनी आहे हेही सिद्ध व्हायला हवं. म्हणून गावकऱ्यांचा फोनवर जो गट आहे, ज्यात बेटावरचे, व्हिलातले, ऑस्ट्रेलियात सफरचंदं तोडणारे असे सगळेच आहेत, त्यात त्यानं टाकलं: 'आईची ही चटई कुणाकडे जुन्या फोटोत आहे का? तिच्यावरची नक्षी मी माझ्या माकूच्या पंखांवर वापरली आहे. पुराव्यासाठी हवंय.'

पेंटेकोस्टचं लहान मूलसुद्धा असं लिहिणार नाही. आमच्याकडे नक्षी म्हणजे काही आकाशातला ढग नव्हे, की ज्यानं मान वर केली त्याचा. नक्षीला घर असतं. घराला वडीलधारा असतो. त्याला वळलेल्या सुळ्याचं डुक्कर दिल्याशिवाय ती वापरता येत नाही, आणि वापरलीच तर निदान गप्प बसायचं असतं. पॅटिसननं काय केलं? चोरी केली, फोटो काढला, सही केली आणि गावभर दवंडी पिटली.

गटात सगळ्यांनी ते वाचलं. मग एकानं फक्त एक डुकराचं चित्र टाकलं.

*जहाज वाहतूक: उत्तरेकडून येणारी बोट वेळेआधी.*

बोटीतून मामा उतरला.

रोनोलू मामा म्हणजे पॅटिसनच्या आईचा धाकटा भाऊ. बारीक, ताठ, पांढऱ्या दाढीचा. बरोबर कोनफळांची टोपली, एक कोंबडा आणि तोंडात एक अक्षर नाही. घराच्या दारापर्यंत आला, टोपली खाली ठेवली आणि आंब्याखाली बसला.

"मामा, आत या ना."

"नको."

"ऊन आहे."

"असू दे. ऊन कुणाच्या बापाचं नाही."

मामा घरात येत नाही म्हणजे नातं तुटल्यात जमा, लग्न, बारसं, मर्तिक सगळंच अडतं, हे आमच्यात सगळ्यांना कळतं. शेजाऱ्यांना तर सर्वांत आधी. कालसोंग कुंपणाशी येऊन पपईच्या झाडाची पाहणी करू लागला. त्या झाडाला पपई नव्हती.

"मामा, ती आईची चटई होती."

"चटई तुझ्या आईची. नक्षी आमच्या घराची."

"मी तुमचा भाचा ना?"

"भाचा आहेस म्हणून मी आलो. दुसरा कुणी असता तर दंडाचा निरोप आला असता." मामानं तंबाखूची पुडी काढली. "भाच्यानं तर आधी द्यायचं असतं. शाळेत हे शिकवत नाहीत का गं, हिल्डा?"

"शिकवतो, मामा. हा त्या दिवशी गैरहजर होता."

पॅटिसननं बायकोकडे पाहिलं. तिनं मामांना लापलाप, म्हणजे किसलेले कंद पानात गुंडाळून भाजलेलं जेवण, वाढलं, तेही बाहेरच, आणि स्वतः त्यांच्याशेजारी बसून जेवली. घरात पॅटिसन एकटा. आपल्याच घरात वाळीत पडण्याचा मान सगळ्यांच्या नशिबी नसतो.

आता परिस्थिती अशी होती. दूरची कंपनी म्हणत होती की नक्षी आमची, तू चोरलीस. मामा म्हणत होता की नक्षी आमची, तू चोरलीस. दोघांत तिसरा चोर कोण, तर तोच.

तो हक्कांच्या सरकारी कचेरीत गेला. तिथल्या बाईंनी फार आपुलकीनं ऐकलं. "ही कस्टमची, म्हणजे गावच्या रीतिरिवाजाची, गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावच्या चीफकडे जा."

चीफ म्हणाले, "इंटरनेटची गोष्ट आहे. कचेरीत जा."

तो पुन्हा कचेरीत गेला. बाईंना त्याची दया आली. "तुम्ही रेडिओवर बोलता ना? मग या शनिवारी पाऊस आहे का हो? माझ्या भाचीचं लग्न आहे."

मध्यंतरी एल्सीचा फोन आला. सरळ धरलेला. सरळ!

"माकू कुठे गेला?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"येईल हं."

"मेला का?"

"छे छे! झोपलाय."

"उलटा?"

"उलटाच."

"मग त्याला सांग..." आणि ती अडली. गावचा शब्द शोधू लागली. सापडला नाही. पुन्हा इंग्रजीत म्हणाली, "जाऊ दे."

पॅटिसन उठला, बाहेर आला आणि आंब्याखाली मामासमोर जमिनीवर बसला. "मामा, डुक्कर देतो. किती वळणाचा सुळा हवा?"

"पूर्ण एक."

(*इथे माकू मध्येच बोलतो, कारण तो इतका वेळ टांगून राहिला आहे:* मला तर सगळं स्पष्ट दिसतंय. वर जमीन आहे, जमिनीला एक मामा चिकटलाय, खाली आकाश आहे, आणि एक लठ्ठ माणूस त्या आकाशात पडायच्या बेतात आहे. उलटा कोण? *धन्यवाद, माकू.*)

*जनावरांपासून सावध राहा.*

पूर्ण वळलेला सुळा हा काही बाजारात मिळत नाही. डुकराचे वरचे दात काढून त्याला वर्षानुवर्षं हातानं भरवावं लागतं तेव्हा खालचा सुळा गोल फिरून जबड्याकडे परत येतो. असं एक डुक्कर शहराबाहेर, नदीपलीकडे, पेंटेकोस्टच्याच एका म्हातारीकडे होतं. तिनं पॅटिसनची परीक्षा घेतली, आईचं नाव विचारलं, आजीचं विचारलं, वादळात तिचं छप्पर उडालं होतं तेव्हा इशारा उशिरा का आला तेही विचारलं. शेवटी डुक्कर दिलं. त्याचं नाव बिशप.

न्यायचं कसं? पॅटिसनची गाडी लहान. कालसोंगची गाडी नातवानं झाडावर घातलेली. उरली कचेरीची पिकअप, दारावर खात्याचं मोठं चिन्ह असलेली.

"सरकारी गाडीत डुक्कर?" हिल्डा म्हणाली.

"हे अधिकृत काम आहे."

"कुणाचं?"

वाटेत कचेरी लागली. पॅटिसनला फक्त कपाटाची चावी ठेवायची होती, अर्ध्या मिनिटाचं काम. बिशपला अर्धं मिनिट पुरलं. दोरी त्यानं दातांनी नव्हे, तर धीरानं सोडवली, खाली उडी मारली, आणि कुंपणाच्या उघड्या फाटकातून थेट त्या हिरवळीवर गेला जिथे वाऱ्याची यंत्रं, थर्मामीटरची पांढरी पेटी आणि पर्जन्यमापक शिस्तीत उभे असतात. आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता. मोजायचा बाकी होता. बिशपनं पर्जन्यमापक आडवा केला आणि सगळा पाऊस पिऊन टाकला.

म्हणजे सरकारदरबारी त्या रात्री पोर्ट व्हिलात पाऊस पडलाच नाही. अख्ख्या शहराची छत्री भिजली होती, नोंद कोरडी.

सहकारी खिडक्यांतून बघत होते. वरिष्ठ अधिकारी पांढऱ्या शर्टात, हातात केळं, डुकरामागे पळताना म्हणत होते, "बिशप! अहो बिशप, ऐका ना!" समोरच्या रस्त्यानं खरे बिशप गाडीतून जात होते, असं नंतर लोक सांगू लागले. ते खरं नाही. फक्त एक पाद्री होते, आणि त्यांनी हात हलवला.

*वादळाचा केंद्रबिंदू.*

समारंभ आंब्याखालीच झाला. वस्ती जमली. हिल्डानं फोनवर चित्रण करायला घेतलं. पॅटिसननं चिखलाचा शर्ट बदलला नव्हता, कारण मामा म्हणाला, राहू दे, घाम दिसतोय हे बरं. त्यानं दोरी मामाच्या हातात दिली. मामानं बिशपच्या सुळ्याभोवती बोट फिरवलं, आत, बाहेर, पुन्हा आत. मग मामानं वाद मिटल्याची खूण म्हणून नामेले झाडाचं एक पान पॅटिसनच्या हातात ठेवलं, आणि गावच्या भाषेत मोठ्यानं सांगितलं की ही नक्षी आजपासून याची, याच्या हाताची, याच्या वटवाघळाची.

आणि मामा उठला, चपला काढल्या, घरात गेला.

पॅटिसनला रडू आलं. त्यानं ते शिंकेत बसवलं.

"आता दाखव मला तो दुसरा चोर," मामा खुर्चीत बसून म्हणाला. दोन्ही वटवाघळं त्याला संगणकावर शेजारीशेजारी दाखवली. मामानं चष्मा लावला. कंपनीच्या पंखाला नाक टेकवलं. माकूच्या पंखाला नाक टेकवलं. मग कपाटावरची चटई खाली काढायला लावली, पसरली, आणि एका जागी बोट ठेवलं.

"इथे वेटोळं नाही."

"हो, चटई जळलीय तिथं. भोक आहे. मी जसं होतं तसं काढलं."

"ते भोक तुझ्या आईनं पाडलं. निखाऱ्यातून निरफणस काढत होती, गात होती, लक्ष गाण्यात. निखारा चटईवर. बापानं कानफटात मारली, तरी गाणं संपवूनच रडली." मामा पडद्याकडे वळला. "आणि या रेनकोटवाल्याच्या पंखात तेच वेटोळं नाही. तिथंच."

सगळे वाकले. खरंच. रेनकोटखालून डोकावणाऱ्या पंखावर सगळी वेटोळी होती, एक सोडून.

"चोरानं भोकसुद्धा नेलं," कालसोंग आदरानं म्हणाला. आयुष्यभर पेट्या उघडूनही असं काही त्याला सापडलं नव्हतं.

मामा हसू लागला. हसता हसता डोळे पुसू लागला. "बघ रे," तो म्हणाला, "आमची ताई कुठेकुठे गेली."

हिल्डानं समारंभ, चटई, भोक आणि मामाचं बोलणं असं सगळं मिळून कंपनीला उत्तर पाठवलं. शेवटी मामाचा एकच प्रश्न होता, तो पॅटिसननं जसाच्या तसा लिहिला: 'तुमच्या वटवाघळाच्या पंखात या जागी वेटोळं का नाही? तुमच्याकडे कुणाची आई गात होती?'

काही दिवसांनी फक्त एक सभ्य निरोप आला. तक्रारी मागे घेतल्या आहेत, व्हिडिओ परत लावले आहेत, आपला दिवस आनंदात जावो. रेनकोटवालं वटवाघूळ मात्र दुसऱ्या दिवशी कोऱ्या पंखांनी नाचताना दिसलं.

वस्तीत नारळ फुटले. एकटा मामा खूश नव्हता.

"ते ठीक आहे. पण इतके दिवस वापरली ना? डुक्कर कुठाय?"

"मामा, कंपनीवाले डुक्कर नाही पाठवणार."

"बोट दर आठवड्याला येते," मामा म्हणाला. "मी थांबतो."

आणि थांबला. बिशपला घेऊन गावी जायचं सोडून तो रोज सकाळी पॅटिसनबरोबर कचेरीपर्यंत चालत यायचा, नवा पर्जन्यमापक जाळीत बंद केलेला बघायचा, आणि बंदराकडे वळायचा. बिशपला बरोबर घेऊन. धक्क्यावरचे हमाल त्यांना ओळखू लागले.

रविवारी एल्सीचा फोन आला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग केस, मग उलटं तोंड.

"बुबू! उलटा कोण? मी की तू?"

पॅटिसन खुर्चीवर पाय वर करू लागला. शेजारी बसलेल्या मामानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि या वयात स्वतःची मान मात्र हळूच तिरकी केली.

"मी माकू काढलाय, बघ." तिनं कागद कॅमेऱ्याला लावला. वटवाघूळ होतं, बटाट्यासारखं, पण पंख मोठे, वेटोळ्यांनी भरलेले. एका ठिकाणी कागद कोरा.

"इथे राहिलं का गं?" हिल्डानं विचारलं.

"नाही! तिथं भोक असतं," एल्सी गावच्या भाषेत म्हणाली. कुणी शिकवलं नव्हतं. तिनं माकूच्या पंखात पाहिलं होतं.

मामानं मान सरळ केली. पडद्याच्या अगदी जवळ आला. "हे कुणाचं आहे माहितीय का तुला? आता तुझ्या बुबूचं. काढलंस तर डुक्कर द्यावं लागतं."

"मामा, ती लहान आहे—" पॅटिसन म्हणाला.

"गप्प. तुझ्यावेळी मी असाच गप्प बसलो, म्हणून हा घोळ झाला."

एल्सी पडद्यावरून नाहीशी झाली. पेन्सिलीचा आवाज येत राहिला. मग एक गुलाबी, पाच पायांचं डुक्कर कॅमेऱ्यावर येऊन आदळलं.

मामानं चष्मा लावला. सुळ्यावर बोट फिरवलं, काचेवरून. "सुळा पूर्ण वळलेला नाही."

"थांब," एल्सी म्हणाली, आणि पेन्सिल घेऊन ती सुळा वाढवू लागली. गोल, गोल, जबड्यापर्यंत, पुढे कानापर्यंत, आणखी एकदा फिरवून कागदाच्या कडेपर्यंत. "पुरे?"

मामानं काचेवरून सुळ्यावर पुन्हा बोट फिरवलं, थेट कडेपर्यंत.

"पॅटिसन," तो म्हणाला, "घे. बिशपपेक्षा चांगलं आहे."